नारळी पौर्णिमा आणि १८ वर्षांनी परत येणारं ग्रहण: तुमचे प्रश्न

प्रश्न: बाबा म्हणतात २००८ला नारळी पौर्णिमेलाच चंद्रग्रहण होतं. २८ ऑगस्ट २०२६लाही तसंच. योगायोग का?

बाबांची मेमरी भारी आहे! योगायोग नाही, आणि त्यांना अजून मागे न्या, ६ ऑगस्ट १९९०, तेव्हाही नारळी पौर्णिमा आणि तेव्हाही खंडग्रासच. याला सॅरोस चक्र म्हणतात. २२३ पौर्णिमा झाल्या, म्हणजे साधारण १८ वर्षं ११ दिवस आणि वर सात-आठ तास, की सूर्य, चंद्र आणि राहू-केतू (राक्षस नाही हो, चंद्राची वाट सूर्याची वाट जिथे कापते ते दोन बिंदू) परत जवळपास तसेच जुळून येतात. आता पंचांग बघा, १८ वर्षांचे २१६ महिने, त्यात ७ अधिक महिने आले की झाले २२३, म्हणून तिथीसुद्धा तीच!

प्रश्न: मग ग्रहण दर वेळी सेम टू सेम?

नाही, खरी मजा इथेच आहे. "जवळपास" म्हटलं ना मी, तर दर फेरीला राहू-केतूपासूनचं अंतर साधारण अर्ध्या अंशाने सरकतं. त्यामुळे या मालिकेत १९९०ला चंद्राचा ६८ टक्के व्यास सावलीत गेला, २००८ला ८१, २०२६ला ९३, आणि ७ सप्टेंबर २०४४ला डायरेक्ट खग्रास! पुढे बऱ्याच फेऱ्या खग्रासच, आणि मग हळूहळू उतरती कळा. अशी एक मालिका बाराशे-तेराशे वर्षं चालते.

प्रश्न: २०२६चं पुण्यातून दिसेल का? बहीण न्यू जर्सीला असते.

पुण्यातून नाही. ते वरचे सात तास नडले. २००८ला ग्रहणमध्य रात्री २:४०ला होता, तो २०२६ला सकाळी ९:४३वर गेला, तोवर आपल्याकडे चंद्र मावळलेला. बहिणीला मात्र लॉटरी, तिकडे २७च्या रात्री साडेदहानंतर सुरू आणि मध्य १२:१३ला. आपल्याकडे हीच मालिका परत मध्यरात्री यायला तीन फेऱ्या, म्हणजे ५४ वर्षं लागतात, २००८नंतर थेट १८ सप्टेंबर २०६२. आणि २००८ला मी काय केलं, तर गच्चीवर छत्री घेऊन ढग बघितले. श्रावण आहे, चालायचंच.

प्रश्न: ग्रहणाचा चष्मा लागेल?

तो सूर्यासाठी. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघा, बायनॉक्युलर असेल तर तांबूस कडा मस्त दिसते.