हरभऱ्याची ओळ उकरली, डुक्कर का मोर?

उमरेड अन् कुहीकडून बऱ्याच शेतकरी भावांनी विचारलंय, की हरभरा उगवतो न उगवतो तोच ओळीच्या ओळी उकरलेल्या दिसतात, हे डुक्कर का मोर, आणि धुऱ्यावर करंटची तार लावली तर चालते का. तारेचं आधी सांगतो, बिलकुल लावू नका. आकडा टाकून सोडलेल्या करंटनं माणसं मेलीत, वाघ मेलेत.

आता ओळखायचं कसं, तर सकाळी दव असतानाच वावरात जा, ऊन चढलं का माग पुसट होतो. डुकराचे दोन खूर ठळक उमटतात अन् नरम मातीत त्यांच्या मागं बाजूला दोन बारीक ठिपकेही दिसतात, नाकाडानं माती अशी पलटवते की फाळ लावल्यासारखी सर पडते, आणि कळप असला तर झाडंही तुडवलेली असतात. मोराची तीन बोटं पुढं अन् एक लहान मागं, पायानं उथळ उकरून चोचीनं दाणा टिपतो, कोवळे कोंब खुडतो, पण ढेकळं उलटवत नाही. रात्री तो उंच झाडावर बसलेला असतो, म्हणून संध्याकाळी नीट पाहिलेलं वावर पहाटे उकरलेलं दिसलं तर मोराला दोष देऊ नका.

डुकरासाठी सोलरचं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं यंत्र, चांगलं, त्याचा झटका क्षणभराचाच असतो, जनावर दचकून मागं फिरते, मरत नाही. खालची तार फूटभराच्या आतच ठेवा नाहीतर ते खालून घुसते, अन् तारेला गवत टेकू देऊ नका, करंट तिथंच उतरतो. मोराला हा खर्च वाया, तो उडून आत येतो. त्याच्यासाठी बी उघडं राहू देऊ नका, चमकपट्ट्या बांधा अन् उगवणीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ राखण करा, झाड मोठं झालं का त्रास कमी होतो. अळ्या-किडेही तो खातो हे ध्यानात असू द्या.

थिमेट (किडी मारायचं जहर) लावलेलं बी टाकायचा विचार कोणी करत असल तर हात जोडून सांगतो, नका करू. मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, मारला तर किमान ३ वर्षं कैद, आणि तेच बी तुमची गाय पण खाईल.

डुकराचं नुकसान असल तर फोटो काढा, सातबारा घ्या अन् ३ दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत तेवढ्या जागेत डवरा फिरवू नका.