गावातील कचरा आणि लोकशिक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सभा झाल्या, भिंतींवर घोषणा रंगवल्या, तरी ओला आणि सुका कचरा एकत्रच येतो. लोकांना आणखी कसे समजवावे?

उत्तर : आधी कचरा नेणारी गाडी पाहावी. घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एकाच ढिगात पडताना ज्यांनी पाहिला, त्यांना पुन्हा सभेला बोलावून उपयोग नाही. त्यांना जे समजायचे ते समजलेले असते. गाडीत दोन कप्पे झाले की खरे शिक्षण दारातच सुरू होते. कचरा गोळा करणाऱ्याने बादलीत डोकावून सालींमधली बॅटरी उचलून दाखवली आणि ‘ही उद्यापासून वेगळी द्या’ एवढेच सांगितले, तरी ते तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक लक्षात राहते. सभा घ्यायचीच असेल, तर घरातला केर प्रत्यक्ष काढणाऱ्यांना सवड असेल अशा वेळी घ्यावी. एरवी नेमके तेच गैरहजर असतात.

प्रश्न : खतखड्ड्यांना दुर्गंधी सुटल्यामुळे लोक ते बुजवू लागले आहेत. काय करावे?

उत्तर : ओलावा वाढून हवा कोंडली की कचरा नीट कुजण्याऐवजी सडतो. खड्डा कसा खणावा हे बहुतेक ठिकाणी शिकवले जाते, तो सांभाळावा कसा हे मात्र राहून जाते. वाळलेल्या पाल्यात कार्बन जास्त असतो, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन; ढिगात कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस १ असे हवे. व्यवहारात याचा अर्थ, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याहून जाड असा वाळलेल्या पाल्याचा थर. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंब गळावेत. धार लागली तर कोरडा पाला घालून ढीग वरखाली करावा. चांगल्या ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि ते काही दिवस टिकले की रोगजंतू व तणांचे बी मरते. एक सुधारलेला खड्डा सर्वांसमोर उघडून तयार खत हातात घेऊ द्यावे.

प्रश्न : प्लास्टिक जाळू नका म्हटले की लोक विचारतात, मग ठेवायचे कुठे?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. उघड्या जाळात ज्वलन अपुरे होते, आणि पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, हे सांगावेच. पण त्यासोबत गोण आणि उचलण्याचा ठरलेला दिवसही द्यावा. धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकला वास येत नसल्याने महिन्यातून एकदा उचलले तरी चालते. अनेक थरांच्या चकचकीत वेष्टनांना मात्र सहसा कोणी भंगारवाला हात लावत नाही. ‘सगळे विकले जाते’ असे आश्वासन देऊ नये.