वारा पाठीवर घेऊन निघा, तोंडावर नाही

बडोद्याच्या दादा, तलावात फ्लोट ट्यूबमधून (मासेमारीची फुगवलेली ट्यूब, मधे बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचे) मासे धरताना वाऱ्याने पलीकडच्या काठाला नेऊन टाकलं, दीड तास पाय मारले तरी ट्यूब जागची हलेना, हे तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये लिहिलंय, सीझन आणि परवानगीचंही विचारलंय, ते सेम टू सेम माझं तीन वर्षांपूर्वीचं आहे, म्हणून एवढं लांब लिहितोय. लाइफ जॅकेट, शिट्टी वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडतो.

तुमचं एक वाक्य आहे, ‘जाताना काहीच त्रास झाला नाही, वारा तर तोंडावरच होता’. सगळी गोची तिथेच आहे दादा. मी इंदूरचा, सायकलवर वाढलेला, डोक्यात पक्कं बसलेलं की वारा तोंडावर म्हणजे आपण वाऱ्याविरुद्ध चाललोय आणि येताना तोच ढकलेल. अहो पण ट्यूबमध्ये आपण पाठमोरे जातो ना! फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे रबरी पंख) मारल्या की पाठीच्या दिशेने सरकतो, म्हणजे तोंडावरचा वारा आपल्याला घेऊन चाललेला असतो आणि आपल्याला वाटतं काय मस्त पाय चालतायत.

एप्रिल होता, इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूचा एक लहान तलाव (नाव लिहीत नाही, समजून घ्या). सकाळी सातला उतरलो, दोन तिलापिया पण लागल्या. दहानंतर आमच्या माळव्यात उन्हाळ्याचा पश्चिमेचा वारा सुटतो तो सुटला. पाण्यातून वर आलेलं बाभळीचं एक खोड खूण म्हणून धरलं आणि पाय मारत सुटलो, पंधरा मिनिटांनी बघतो तर खोड माझ्यापासून आणखी लांब. पोटऱ्यांत गोळे आले. शेवटी पलीकडे लागलो, तर तिथे पाणी उतरून नुसती काळी माती उघडी पडलेली. फिन्स घालूनच उभा राहिलो, हा दुसरा गाढवपणा, गुडघ्यापर्यंत आत. एक फिन त्या चिखलात राहिली ती राहिलीच. मग ट्यूबवर छाती टाकून घसरत घसरत बाहेर आलो. काठावर म्हशी घेऊन बसलेला पोरगा सगळं बघत होता, म्हणाला, ‘अंकल, उल्टे क्यूं बैठे थे?’

तर निघताना वारा पाठीवर लागला पाहिजे, कष्ट आधी, परतताना फुकट. आणि अडकलातच तर समोरासमोर झुंजू नका, वाऱ्याला तिरके होऊन बाजूचा जवळचा काठ गाठा. फिन्सना घोट्याशी दोरी बांधा.

सीझनचं म्हणाल तर माझ्या मते दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंतच मजा, पाणी भरलेलं, निवळलेलं, वारा गरीब. थंडीत पाण्यात बसलं की ट्यूबमधली हवा आकसते, दहा मिनिटांनी पंप मारा, आणि वेडरच्या (छातीपर्यंतची वॉटरप्रूफ पँट) आत थर्मल हवंच. उन्हाळ्यात उलटं, काठावर उन्हात फुल्ल फुगवून ठेवाल तर शिवण उसवेल. पावसाळ्यात आमच्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंदच असते, तुमच्या गुजरातचे दिवस तिकडेच विचारा.

परवानगीचं विचारलंत. एका ऑफिसात (नाव नको) मी तीन चकरा मारल्या, फॉर्ममध्ये ‘नावेचा प्रकार’ असा रकाना होता आणि ट्यूब ही नाव आहे की नाही यावर दोन टेबलांत एकमत होईना, तोवर १६ जून उजाडला. हे काय काम करण्याची पद्धत आहे! जाऊ दे. आमच्याकडे बऱ्याच तलावांचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी त्यांनाच भेटा, कागद कुठला लागतो ते तेच नीट सांगतात. शिवाय जाळी कुठे टाकली आहेत तेही कळतं. तंगूसचं (पारदर्शक नायलॉन दोऱ्याचं) जाळं पाण्यात दिसत नाही, वर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या तेवढ्या दिसतात, फिन त्यात गुंतली तर खेळ खलास. छोटा चाकू हाताला येईल असा छातीपाशी ठेवा, पण जाळं कापलंत तर त्यांना जाऊन सांगा आणि पैसे द्या.

मी काही एक्स्पर्ट नाही, बँकेत नोकरी करतो, आठवड्याला एक रविवार मिळतो. इथे इंदूरच्या यशवंत सागर आणि सिरपूर तलावांवर मी ट्यूब नेत नाही, दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आहेत, पक्ष्यांची जागा आहे, आपण कशाला. आणि तुम्ही बडोद्याचे म्हणून मुद्दाम लिहितो, तलावाचं नाव दिलं नाहीत, पण तुमच्याजवळचा आजवा तलाव असेल तर ट्यूब विकून टाका. तिथे मगरी आहेत हो, आणि आपले पाय खाली लोंबकळत असतात.