वाचक विचारतात : दहिवरात टिकणारे बूट

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षिका असून नागपूरच्या पश्चिम भागात राहते. आमच्याकडे पाच वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रोज पहाटे तासभर मी तिला फुटाळा आणि सेमिनरी हिल्सच्या बाजूला फिरवते. ती हमखास गवतातूनच चालते, आणि पाऊण वाटेवर पोहोचेपर्यंत माझे कापडी बूट, मोजे आणि पायजम्याच्या कडा ओल्या होतात. गेल्या वर्षी ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेले बूट घेतले होते; दोन महिन्यांत त्यांच्या बोटांजवळून पाणी शिरू लागले आणि सोल पुढून उचकटला. या वर्षी गमबूट घ्यावेत, चामड्याचे घ्यावेत, की आत पडदा असलेले महागडे? टिकणारे बूट दुकानात ओळखायचे कसे?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘बोटांजवळून’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. नागपूरचा हिवाळा एरवी कोरडा असतो. एखादा अवकाळी पाऊस सोडला तर पाणी आभाळातून पडत नाही. परंतु थंडीची लाट आली की पहाटेचा पारा आठ अंशांच्याही खाली जातो (२९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ अंशांवर आला होता) आणि रात्रभर थंड झालेल्या गवतावर दहिवर साचते. पावसाचे पाणी बुटावर पडून ओघळून जाते. दहिवराचे पाणी मात्र प्रत्येक पावलागणिक बुटाच्या पुढच्या भागावर घासले जाते. तासाभराच्या फेरीत पाच-सहा हजार पावले पडतात, आणि प्रत्येक पावलाला बूट नेमका बोटांच्या मागच्या घडीवर वाकतो. ओले होणे आणि वाकणे या दोन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी घडत असल्यामुळे बूट तिथेच हार मानतो. म्हणून डब्यावरच्या शब्दापेक्षा ती घडी, जिभेच्या दोन्ही कडा आणि सोलचा जोड या तीन जागा पाहूनच निवड करावी, असे माझे ठाम मत आहे.

पडद्याच्या बुटांबद्दल आधी सांगतो. गोरेटेक्स किंवा त्यासारख्या बुटांत अस्तर आणि बाहेरचे कापड किंवा चामडे यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब त्यांतून आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. ही वाफ जिथे ऊब आणि ओल जास्त असते तिथून जिथे ती कमी असते तिकडे जाते. डिसेंबरच्या पहाटे पाय उबदार आणि बाहेरची हवा थंड असल्याने हे काम चांगले होते. तेच बूट मार्चच्या दुपारी घातले तर पाय आतून घामेजतो आणि लोकांना वाटते की बूट गळतो आहे. पडद्याची खरी अडचण टिकाऊपणाची आहे. घडीवर तो रोज वाकतो, आत गेलेले वाळूचे कण त्याला खरडतात, आणि एकदा तो फाटला की तो दुरुस्त करणे कोणत्याही कारागिराला जमत नाही. आपल्या बुटांचे बहुधा हेच झाले असावे.

गमबूट पाणी पूर्णपणे अडवतात, यात वाद नाही. ज्यांची वाट शेताच्या बांधावरून किंवा नाल्याच्या काठाने जाते, त्यांना मी दुसरे काही सुचवणारही नाही. पण आपल्यासोबत तीस किलोच्या आसपासची कुत्री आहे, आणि ती एखाद्या खारीमागे झेपावली की साखळीसोबत आपणही ओढल्या जाता. गमबुटाला नाडी नसते, त्यामुळे घोटा मोकळा राहतो, टाच आत सरकते आणि पाय मुरगळण्याची भीती असते. शिवाय तासभरात घामानेच मोजे ओले होतात.

म्हणून आपल्यासाठी घोट्याच्या वर येणारे, नाडीचे, जाड आणि अखंड चामड्याचे बूट मला सर्वांत योग्य वाटतात. अखंड म्हणजे ज्याचा मूळ पृष्ठभाग घासून काढलेला नाही असे. त्यावर बारीक रंध्रे आणि किंचित असमान पोत दिसतो. पुष्कळदा चामड्याच्या खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप देऊन तेही ‘लेदर’ म्हणूनच विकले जाते. ते दोन्ही अंगठ्यांनी दाबून वाकवले असता घडीवर लेपाची पांढरट रेष उमटते. ती दिसली तर तो जोड बाजूला ठेवावा. गुळगुळीत चामड्याचा आणखी एक फायदा विदर्भात विशेष जाणवतो. हिवाळ्यात कुसळी गवताची वाळलेली कुसळे आणि सराट्याचे काटे कापडी बुटाच्या जाळीत घुसून मोज्यापर्यंत पोहोचतात. चामड्यात ते सहसा अडकत नाहीत. (कुसळ एकदा कातडीत रुतले की पुढेच सरकत जाते, म्हणून घरी आल्यावर कुत्रीच्या बोटांच्या बेचक्या आणि कान अवश्य तपासावेत.)

आता जिभेकडे या. नाडी पूर्ण सोडून जिभेच्या बाजूने बोट खाली सरकवावे. जीभ दोन्ही बाजूंनी वरच्या भागाला पातळ चामड्याच्या पट्टीने जोडलेली असेल, तर बोट त्या शिवणीपाशी थांबते. त्या उंचीपर्यंत पाणी आत येणार नाही असे समजावे. जीभ नुसती खाली एका टाक्यावर लोंबकळत असेल तर बाकीचा बूट कितीही चांगला असला तरी दहिवरासाठी तो निरुपयोगी आहे. एवढी एकच तपासणी केली तरी दुकानातले अर्धे जोड गळून पडतात.

सोलचा जोड हा टिकाऊपणाचा प्राण आहे. आपल्याकडचे कारागीर ‘पेस्टिंगचा’ आणि ‘शिलाईचा’ असे दोन प्रकार सांगतात. पेस्टिंगचा सोल नुसत्या चिकट द्रवाने बसवलेला असतो; रोजच्या ओलाव्याने आणि वाकण्याने तो पुढच्या टोकापासून सुटू लागतो. शिलाईच्या बुटात वरचा भाग, मधली पट्टी आणि सोल टाक्यांनी बांधलेले असतात. सोल झिजला की कारागीर टाके उसवून नवा सोल लावू शकतो, आणि एकच चामडे अनेक हिवाळे काढते. मात्र टाके नुसते रेघेसारखे कोरलेले नाहीत ना, हे काठावरून नख फिरवून पाहावे. खऱ्या टाक्यात नख अडखळते.

सोलच्या खाचांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती आपल्या मातीशी निगडित आहे. काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते आणि सोलला चिकटून राहते. खाचा बारीक आणि दाट असतील तर चार पावलांत त्या भरून जातात आणि बुटाखाली मातीची गुळगुळीत थाप तयार होते. म्हणून खाचा खोल आणि एकमेकींपासून दूर असाव्यात, म्हणजे चालतानाच माती झडते. ओल्या फरशीवर किंवा दगडी पायऱ्यांवर मात्र खाचांचा उपयोग होत नाही. तिथे रबराचा मऊपणाच पकड देतो. अंगठ्याच्या नखाने सोल दाबला आणि किंचितही दबला नाही, तर तो ओल्या पायऱ्यांवर घसरेल हे निश्चित.

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत वापरले जाणारे सुरक्षा बूट स्वस्त आणि मजबूत म्हणून काही वाचक सुचवतात. भारतीय मानक आयएस १५२९८ पाळणाऱ्या अशा बुटांवर ‘डब्ल्यूआर’ अशी खूण असेल, तर पूर्ण बुटाची पाणी रोखण्याची चाचणी झालेली असते, हे खरे. परंतु त्यांच्या बोटांवरची पोलादी टोपी जड असते आणि पहाटेच्या गारठ्यात ती बोटांची ऊब ओढून घेते. फिरण्यासाठी टोपी नसलेले बूटच घ्यावेत.

शेवटी मापाविषयी. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि हिवाळ्यात घालायचे तेच लोकरीचे मोजे घालून विकत घ्यावेत. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी आणि चालताना टाच वर उचलली जाऊ नये. सुती मोजे टाळावेत. ते ओल धरून ठेवतात, लोकर मात्र ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आणि पायजम्याच्या कडा बुटाच्या आत खोचू नयेत. ओले कापड वातीसारखे काम करते आणि पाणी वरून मोज्यात उतरवते. मग बूट कितीही भक्कम असला तरी त्याचा दोष नसतो. कडा बुटाबाहेर ठेवून त्यावर पोटरीपर्यंत येणारे नायलॉनचे आवरण बांधावे.

प्रश्न : मुलाने परदेशातून आणलेले उत्तम बूट आम्ही जपून कपाटात ठेवले होते. चार वर्षांनी प्रथमच घातले आणि अर्ध्या फर्लांगावर दोन्ही सोलचे तुकडे पडले. न वापरलेले बूट असे कसे खराब होतात? (एक वाचक, धंतोली)

उत्तर : आपले दुःख मला चांगले ठाऊक आहे. माझाही एक जोड असाच गेला. अंबाझरीच्या काठावर मागे वळून पाहिले तेव्हा दहिवराने ओल्या पायवाटेवर माझ्या प्रत्येक पावलाजवळ भिजलेल्या शेवेसारखा पिवळसर चुरा पडलेला होता. ज्या दुकानातून तो घेतला होता तिथे ‘तुम्ही नीट वापरले नाहीत’ असे उत्तर मिळाले, आणि मी तेव्हा ते खरेही मानले.

ते खरे नव्हते. अशा बुटांत बाहेरच्या रबराच्या वर पॉलियुरेथेनचा हलका, मऊ थर असतो. हवेतील ओलावा या पदार्थातील रासायनिक बंध हळूहळू तोडत जातो, आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. आपला जुलै-ऑगस्टचा दमटपणा आणि मे महिन्यातील ४५ अंशांची तापलेली खोली हे दोन्ही त्याला पोषकच आहेत. बूट नियमित वापरात असेल तर दाबामुळे त्या थरातील ओल बाहेर पडत राहते असे जाणकार कारागीर सांगतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटाची ओल मात्र आतच कोंडली जाते. म्हणजे जपणुकीनेच त्याचे नुकसान झाले. वरचे चामडे शाबूत असेल तर टाकून देऊ नका. रबराचा नवा सोल बसवता येतो का, हे एखाद्या जुन्या कारागिराला दाखवून पाहा. यापुढे उन्हाळ्यातही पंधरवड्यातून एकदा बूट घालून घरातल्या घरात चालावे आणि ते कापडी पिशवीत, वारा लागेल अशा जागी ठेवावेत.

घेताना हा थर ओळखता आला नाही, तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे की मधला थर पॉलियुरेथेनचा आहे, ईव्हीएचा (फेसासारख्या हलक्या प्लॅस्टिकचा) आहे की रबराचा. ईव्हीए असा भुगा होत नाही, पण कालांतराने दबून चपटा होतो. मला विचाराल तर पूर्ण रबराचा सोल जड असला तरी तोच घ्यावा.

प्रश्न : रोज ओले झालेले बूट दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळत नाहीत. मला मधुमेह असल्यामुळे काळजी वाटते. (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि म्हणूनच नवे बूट घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना पाय दाखवून घ्यावेत, ही माझी पहिली विनंती आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, तेव्हा बूट चावतो आहे हे आपल्याला कळणारच नाही. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की बुरशी आणि चिरा होतात, आणि तिथून जखम वाढते. घरी येताच मोजे काढून पाय कोरडे करावेत. गारठलेले पाय शेकोटीजवळ मात्र नेऊ नयेत. भाजल्याचेही कळत नाही.

बुटांसाठी उपाय एकच आहे, आणि तो दोन जोडांचा आहे. एक आज, दुसरा उद्या. परत आल्यावर काळी माती वाळू न देता ओल्या ब्रशने काढावी, कारण वाळताना ती आकसते आणि टाक्यांत घट्ट बसते. आतला पट्टा बाहेर काढावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, दोन तासांनी ते बदलावेत आणि बूट सावलीत, वाऱ्यावर ठेवावेत. कडक उन्हात किंवा हीटरसमोर चामडे तडकते आणि पेस्टिंग सुटते. पंधरा दिवसांतून एकदा मधमाशीच्या मेणाचे मलम घडीवर आणि शिवणीवर बोटाने चोळावे. खोबरेल लावू नये. त्याने चामडे ढिले पडते आणि धूळ धरते.

पहाटे बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून जमिनीवर जोराने आपटावेत, कारण रात्री उघड्यावर वाळत ठेवलेल्या बुटात विंचू शिरतो. मग बॅटरीच्या उजेडात आत पाहावे आणि त्यानंतरच आतून हात फिरवून खडा किंवा वर आलेला टाका आहे का, हे रोज तपासावे.