पगार कुणाच्या पैशातून?

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका दुर्मीळ आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेत समन्वयक म्हणून नोकरी मिळतेय. तिचा वार्षिक अहवाल वाचला, तर निम्म्याहून जास्त निधी औषध कंपन्यांचा! बाबा म्हणतात, ‘पगार वेळेवर मिळाल्याशी मतलब.’ माझं मन मात्र घेत नाही. काय करू?

उत्तर : नोकरीआधी संस्थेचा अहवाल वाचणारे उमेदवार मला फार भेटत नाहीत. तू वाचलास, बरं केलंस.

कंपन्यांचा पैसा घेणाऱ्या संस्थेत जायचंच नाही म्हटलंस, तर पर्याय थोडेच उरतील. अमेरिकेतल्या 104 मोठ्या रुग्णसंस्थांची पाहणी 2017 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली होती. त्यातल्या किमान 83 टक्के संस्था औषध, उपकरण किंवा जैवतंत्रज्ञान कंपन्यांकडून पैसे घेत होत्या. दुर्मीळ आजारात तर रुग्णच मोजके, मग वर्गणी जमून जमणार किती?

या पैशाचा दाब फोनवरून हुकूम सोडून येत नाही. नवं औषध लवकर मंजूर व्हावं म्हणून संस्था हिरिरीने बोलते आणि त्याच औषधाच्या किमतीचा विषय निघाला की बैठकीची वेळ संपते. खोटं कुणीच बोलत नाही, फक्त गप्प बसतात. (आम्हा करिअर सल्लागारांच्या मार्गदर्शन मेळाव्यांचा खर्च पुष्कळदा कॉलेजंच उचलतात, त्यामुळे खर्च करणाऱ्याबद्दल असं गप्प बसणं मी जवळून पाहिलंय.) म्हणून मुलाखतीत सरळ विचार : तुमच्या सर्वांत मोठ्या देणगीदाराच्या औषधाची किंमत किंवा दुष्परिणाम यांबद्दल संस्थेने आजवर जाहीरपणे काय म्हटलंय? समोरचा एखादं निवेदन काढून दाखवतो की घसा खाकरतो, ते बघ.

हिशेबात एकट्या कंपनीचा वाटा किती, पैसा संस्थेला हवा तसा वापरता येतो की कंपनीने ठरवलेल्या उपक्रमालाच बांधलेला आहे आणि संचालक मंडळावर कंपनीची आजी-माजी माणसं आहेत का, हेही पाहा.

आता बाबांचा मुद्दा. अमेरिकन पेन फाउंडेशन ही वेदनाग्रस्त रुग्णांची संस्था होती. 2010 साली तिचा सुमारे 90 टक्के निधी औषध आणि उपकरण कंपन्यांकडून आला. मे 2012 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने अफूवर्गीय वेदनाशामकांच्या कंपन्या आणि अशा संस्था यांच्या संबंधांची चौकशी सुरू केली आणि त्याच महिन्यात संस्थेला टाळं लागलं. तिथल्या लोकांचे पगारही तोवर वेळेवरच होत असणार. बाबांना हे सांग, पण वाद घालू नकोस. घर चालवणाऱ्याची काळजी खोटी नसते.

सही करण्याआधी आणखी एक गोष्ट लेखी विचारून घे : रुग्णांसाठीची पत्रकं छापण्याआधी मंजुरीसाठी कंपनीकडे जातात का? जात असतील, तर मी तरी ही नोकरी घेऊ नकोस म्हणेन.