कबड्डी खेळणाऱ्या मुलाला माउथगार्ड घ्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, शाळेच्या संघात कबड्डी खेळतो. त्याच्या सोबतच्या पोराचा पुढचा दात पकडीत पडला, तेव्हापासून तुम्हाला धास्ती बसली आहे. आणि घरचे म्हणतात, माउथगार्ड, म्हणजे दात वाचवायला तोंडात घालायचं ते कवच, बॉक्सिंगवाल्यांचं असतं, कबड्डीत कोण घालतं?

घ्या. फक्त दिसलं ते उचलून घेऊ नका. कबड्डीत एक भानगड आहे जी बॉक्सिंगमध्ये नाही, ती म्हणजे दम, चढाईत न थांबता "कबड्डी कबड्डी" म्हणत राहणं. त्यावर येतोच.

मी परभणी जिल्ह्यातला. बारा वर्षं डाव्या कोपऱ्यात खेळलो, आता शाळेच्या पोरांना शिकवतो. माझा वरचा पुढचा एक दात माझा नाही. अकरावीत होतो, जत्रेतले रात्रीचे सामने चालू होते. चढाईवाल्याचा घोटा धरायला खाली झेपावलो, त्यानं पाय ओढला आणि गुडघा थेट माझ्या तोंडावर. दात मुळासकट मातीत. एका दोस्तानं शोधून आणला, हापशावर चकचकीत होईस्तोवर घासला आणि रुमालात बांधून माझ्या खिशात ठेवला. सकाळच्या पहिल्या एसटीनं परभणी गाठली. डॉक्टरांनी रुमाल सोडून बघितला आणि एवढंच म्हणाले, "दूध नव्हतं का रे तुमच्या गावात?"

गोठ्यात तीन म्हशी होत्या हो.

त्यांनी दात परत बसवला, तारेनं शेजारच्या दातांना बांधला, रूट कॅनॉल केलं. चार वर्षं टिकला, मग मूळ आतल्या आत झिजून गळून पडला. दाताच्या मुळावर एक पातळ पडदा असतो, त्याच्याच जोरावर दात हाडाला धरून राहतो. दात कोरडा पडला की तासाभरात तो पडदा मरतो, आणि घासला तर तेवढाही वेळ लागत नाही. आमच्या रुमालानं आणि हापशानं मिळून त्याचा निकाल लावला होता.

म्हणून गार्ड घ्या अथवा नका घेऊ, हे मात्र पाठ करून ठेवा आणि शाळेतल्या सरांनाही सांगा. पडलेला दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधानं नुसता विसळायचा, घासायचा नाही. पोरगं शुद्धीवर असेल, शांत असेल, तर तिथंच खाचेत परत बसवायचा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला लावायचा. तेवढी छाती होत नसेल तर दुधात बुडवून दातांच्या डॉक्टरकडं पळायचं. पहिला अर्धा तास सोन्याचा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघायचं. लहान लेकराचा दुधाचा दात पडला तर मात्र तो परत बसवत नाहीत, खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. तुमचा मुलगा चौदाचा, म्हणजे पुढचे सगळे दात पक्केच.

आता गार्ड. दुकानात आणि ऑनलाइन दीड-दोनशेला मिळतं ते तयार मापाचं. ते वरच्या दातांवर आपोआप बसत नाही, खालच्या दातांनी सतत दाबून धरावं लागतं. तोंड उघडलं की निसटलं. आता सांगा, दातखीळ बसल्यासारखं तोंड करून पोरगं "कबड्डी कबड्डी" कसं म्हणणार? पंचाला दम स्पष्ट ऐकू आला नाही तर चढाई वाया. दोन वेळा असं झालं की गार्ड पिशवीत जातं आणि परत बाहेर येत नाही. आमच्या पोरांनी असली तीन-चार गार्ड फुकट घालवलीत.

दुसरं, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं. हे बरं पडतं, पण पाकिटावर लिहिलेला वेळ तंतोतंत पाळा. पोरं जोशात करकचून चावतात, मग नेमकं पुढं, जिथं मार बसायचा तिथं, ते कागदासारखं पातळ होतं. पुढच्या दातांवर तीन-चार मिलिमीटर जाडी राहिली पाहिजे.

तिसरं, डॉक्टरकडून मापाचं करून घ्यायचं. ते दातांचा ठसा घेतात, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करतात आणि ईव्हीए नावाच्या रबरासारख्या प्लॅस्टिकची शीट तापवून त्यावर ओढून बसवतात. फक्त वरच्या जबड्याला. हे चावून धरावं लागत नाही, तोंड उघडलं तरी जागेवर राहतं. महाग पडतं, खोटं कशाला सांगू. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूरलाही दंत महाविद्यालय आहे, तिकडं जाणं-येणं असेल तर विचारून बघा. ठसा द्यायला जाल तेव्हा "कबड्डीसाठी पाहिजे, बोलता आलं पाहिजे" हे आवर्जून सांगा. 'ड' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'ब' म्हणताना ओठ मिटावे लागतात. टाळूकडची कड जाड राहिली तर 'ड' लडबडतो, पुढून फुगलं तर 'ब' गळतो. कड थोडी घासून घेता येते.

घरी आणल्यावर परीक्षा सोपी आहे. गार्ड घालून त्याला शेजारच्या खोलीत उभं करा आणि तीस सेकंद दम घ्यायला लावा. एका चढाईला तेवढाच वेळ असतो. तुम्हाला भिंतीपलीकडून शब्द कळला तर पंचालाही कळेल.

गंमत म्हणजे, १८९० च्या सुमारास लंडनच्या वुल्फ क्राउस नावाच्या दंतवैद्यानं बॉक्सरांसाठी जी पहिली गार्डं केली ती गटापर्चाची, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाची होती. रूट कॅनॉल केलेल्या दातात आजही तेच भरतात. म्हणजे मी ते वेळेवर दाताबाहेर घातलं नाही, नंतर दाताच्या आत घालावं लागलं.

एक गैरसमज नको. गार्डानं दात वाचतात, डोक्याचा मार वाचत नाही. पडून चक्कर आली, उलटी झाली, बोलणं अडखळलं तर गार्ड होतं म्हणून पुन्हा मैदानात उतरवू नका.

वापरून झालं की गार पाण्यानं धुवायचं, भोकं असलेल्या डबीत ठेवायचं. परभणीच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहिलं तर त्याचा आकार बिघडणार हे धरूनच चला. जबडा अजून वाढतोय, तेव्हा दरवर्षी बसतंय का बघा. दातांना तारा लावलेल्या असतील तर गरम पाण्याचं अजिबात नको, तारा लावणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

मागच्या हंगामात आमच्या उजव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या पोराच्या तोंडाला टाच लागली. गार्ड होतं. ओठाला बाहेरून दोन टाके पडले, दात मात्र सगळे जागच्या जागी.

तुमच्या मुलाला आधी दहा-पंधरा दिवस सरावात घालू द्या, एकदम सामन्यात नको. आणि सामन्याआधी पंच नखं तपासतात ना, तेव्हाच गार्डही दाखवून ठेवायला सांगा.