मे महिन्यातलं प्रेत थंड पडत नाही

पत्र: "ताई, वय 61. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात 34 वर्षं हिशेब लिहिला, गेल्या वर्षी निवृत्त झालो. रहस्यकथांचं वेड जुनं, म्हणून कादंबरी लिहायला घेतली. 2025 चा मे महिना, मागाच्या शेडमध्ये भर दुपारी मालकाचं प्रेत सापडतं. 70 पानं झाली आणि गाडी अडली. खुनी कोण हे मलाच नक्की ठरवता येईना. मुलाला पानं दाखवली, तर म्हणाला, 'बाबा, सिद्धेश्वराच्या तळ्यावर फिरून या, या वयात कशाला डोक्याला ताप?' फार लागलं. शिकायचं वय खरंच गेलं का? पहिली दोन प्रकरणं आणि शेवटाचा आराखडा सोबत पाठवतो."

काका, वयाचा इथे काही संबंध नाही. खुनी ठरवल्याशिवाय 70 पानं लिहिली तर विशीतला लेखकही तिथेच अडकला असता. रहस्यकथेत दोन कथा असतात. एक घडून गेलेली, दुसरी ती शोधून काढण्याची. तुम्ही दुसरीच लिहीत सुटलात. आठ दिवस कादंबरी बाजूला ठेवा आणि फुलस्केप कागदावर फक्त खुनाचा दिवस लिहा, खुन्याच्या बाजूने, तासातासाने. शेडमध्ये कधी आला, कशासाठी, काय हातात होतं, काय विसरला. मग उरलेल्या प्रत्येक संशयिताला त्याच तासांचा एकेक रकाना द्या. हिशेबाची वही आखायची सवय तुमच्या हातात आहेच. रकाना जिथे जुळत नाही, तिथेच तुमचा पुरावा दडलेला असतो.

आता प्रकरणं. इन्स्पेक्टर दुपारी एक वाजता म्हणतो, "प्रेत थंडगार आहे, म्हणजे खून पहाटे झाला." सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. शरीराचं तापमान 37 अंश. भोवतालची हवाच त्याहून गरम असेल तर प्रेत थंड होणार कसं? तापमानावरून वेळ काढण्याची पद्धत तिथे निकामी ठरते. उष्णतेत ताठरताही लवकर येते नि लवकर उतरते. त्यापेक्षा रक्त खाली उतरून कातडीवर पडणारे जांभळट डाग वापरा. ते साधारण 6 ते 12 तासांत पक्के होतात. प्रेत पाठीवर पडलंय आणि पक्के डाग छातीवर आहेत, याचा अर्थ कुणीतरी ते नंतर उलटवलंय. विषाचा संशय असेल तर शवविच्छेदनात काढलेला व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, फॉर्मलिन या अवयव टिकवायच्या रसायनात नव्हे, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून रासायनिक तपासणीला जातो. फॉर्मलिनमुळे बरीच विषं शोधणं अवघड होतं.

कायद्यातही एक चूक आहे. तुम्ही जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 302 लावलंय. 1 जुलै 2024 पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम 103 लागतं, आणि झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. 302 चा ठसका हवाच असेल तर खून 2023 च्या मेमध्ये घडवा.

शेवट मात्र बदलावाच लागेल. खुनी ठाण्यात इन्स्पेक्टरसमोर सगळं कबूल करतो आणि तुम्ही पडदा पाडता. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही. कोठडीत त्याने सांगितल्यावरून हत्यार सापडलं, तर तेवढाच भाग चालतो. हे जाणणारा वाचक शेवटच्या पानावर फसवणूक झाल्यासारखा उठेल. म्हणून कबुलीआधी पुरावा हवा, आणि तो तुमच्याकडे 34 वर्षं पडून आहे.

समजा माग मिनिटाला 120 आडवे धागे टाकतो आणि कापडात इंचाला 40 धागे बसतात. म्हणजे मिनिटाला 3 इंच कापड. सकाळी 8 ला पाळी बदलताना कामगाराने खडूची खूण केली. खुणेपुढे 9 फूट, म्हणजे 108 इंच कापड निघालं. माग 36 मिनिटंच चालला. "अकरापर्यंत माझा माग चालू होता" म्हणणारा खोटा पडला. त्याचा वकील म्हणेल, धागे तुटले, आडव्या धाग्याची कांडी बदलली, वीज गेली. मग मजुरीची वही उघडा. त्याच मागावर रोज अकरापर्यंत किती माल निघायचा? सगळे थांबे धरूनही जवळजवळ अडीच तासांचा फरक भरून निघत नाही. हे इन्स्पेक्टरला सुचणार नाही, तुमच्यासारख्या हिशेबनिसाला सुचेल. आकडे मी उदाहरणाला घेतलेत. एखाद्या जुन्या जॉबरला, म्हणजे माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, गाठून खऱ्या मागाचे घ्या, कारण अख्खं सोलापूर तुमची बेरीज तपासणार आहे!

शिकायचं म्हणाल तर वर्गच लावला पाहिजे असं नाही. हस्तलिखितात जिथे अडाल तेवढंच शिका. जिल्हा न्यायालयात खुनाच्या खटल्याचं कामकाज सहसा खुलं असतं. फोन बंद ठेवून मागच्या बाकावर बसा आणि एका पंचाची, म्हणजे जप्ती-पंचनाम्याला हजर असलेल्या साक्षीदाराची, उलटतपासणी पूर्ण ऐका. पंच कुठे गडबडतो, 'मला आठवत नाही' किती वेळा म्हणतो, हे पुस्तकातून कळत नाही. टायपिंग युनिकोडमध्येच शिका. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. लिहून झालं की फाइल स्वतःलाच ईमेल करा.

लिहिणं पहाटे, ऊन चढायच्या आत. रोज 400 शब्द, आठवड्याचे पाच दिवस. 60,000 शब्द 30 आठवड्यांत होतात.

आणि मुलगा. तो तुमच्या काळजीने बोलला असेल, पण अर्धवट पानं घरच्यांना दाखवायची नसतात. घरचे तुमच्याकडे बघतात, पानाकडे नाही. पूर्ण झाल्यावर रहस्यकथा वाचणाऱ्या एखाद्या परक्या माणसाला द्या आणि "आवडली का" असं विचारू नका. प्रत्येक प्रकरणाखाली त्या क्षणी संशय कुणावर आहे ते एका शब्दात लिहायला सांगा. तिसऱ्या प्रकरणापासून शेवटपर्यंत एकच नाव आलं, तर खडूची खूण फार लवकर दिसली. ती दोन प्रकरणं पुढे ढकला.